दारूबंदीवालीचे व्याही

पंचगंगेच्या काठानं कोल्हापूर मागं टाकलं की थोड्याच अंतरावर हंबीररावांचं गुऱ्हाळ लागतं, आणि गुऱ्हाळाच्या आधी ऐकू येतो त्यांच्या बायकोचा आवाज. झुंबरबाई एकदा बोलायला लागली की पलीकडच्या मळ्यातली माणसं मोटर बंद करून ऐकतात, असं गावात म्हणत.

ह्या आवाजाच्या जोरावरच तिनं गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं होतं. पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला. मतदानाच्या चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रं होती. दुकान हवं असेल तर उभीवर शिक्का, नको असेल तर आडवीवर. झुंबरबाई महिनाभर दारोदार फिरली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिनं पाठीवर घेऊन केंद्रावर आणलं, असं लोक सांगतात. पाठीवर नव्हे, बैलगाडीतून आणलं होतं. पण आणलं होतं हे खरं. बाटली आडवी झाली. मग तिनं ओढ्याकाठच्या हातभट्ट्यांकडे मोर्चा वळवला. मडकी फोडली, नळ्या वाकवल्या, गूळ-नवसागराचं सडकं रसायन ओढ्यात ओतलं. तिचा थोरला भाऊ उदयसिंह ह्याच दारूपायी ऐन तिशीत गेला होता. उसाची मोळी एका हातानं उचलणारा माणूस शेवटी पाण्याचा तांब्या उचलेनासा झाला. ते झुंबरबाईनं जवळून पाहिलं होतं आणि त्यावर ती फार बोलत नसे.

तिची धाकटी मुलगी प्रियदर्शनी शेतीचं शिकली आणि द्राक्षाचं पुढचं शिकायला फ्रान्सला गेली. तिथं कॉलेजातल्याच एका मुलाशी तिचं जमलं. घरी फोनवर सांगताना ती म्हणाली, "द्राक्षांच्या बागा हायत त्यांच्या. सात पिढ्यांपास्नं. घरचाच कारखाना हाय."

"बेदाण्याचा आसंल," हंबीरराव म्हणाले. "आपल्या तासगावात करत्यात न्हवं का, तसला."

मुलगी म्हणाली, "तसलंच काय तरी, आबा."

झालं. भावकीत, पै-पाहुण्यांत, शाहूपुरीतल्या गुळाच्या व्यापाऱ्यांत हंबीरराव तेच सांगत सुटले. "जावई फ्रेंच हाय. बेदाण्याचा मोठा कारखाना." मुलाचं नाव बातीस्त. हंबीररावांची जीभ तिथं वळेना, म्हणून त्यांनी त्याचं बाजी करून टाकलं. पोरगा गोड निघाला. व्हिडिओवर हात जोडून "राम राम आबा, बरं हाय न्हवं?" म्हणायचा. झुंबरबाईनं मनातल्या मनात तेव्हाच हळद लावली.

लग्न फेब्रुवारीत ठरलं. तिकडचा हंगाम आटोपून बाजी, त्याचे वडील रेमों आणि आई ओदील तीन आठवडे आधीच येऊन पोचले. रेमों उंच, लाल नाकाचा, मोठ्या पंजांचा माणूस. आल्या आल्या त्यानं हंबीररावांना अशी मिठी मारली की त्यांचा फेटा मागं पडला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी पहिल्या दिवसापासून दोघं एकमेकांशी सारखे बोलत होते. शेजारच्या तानूबाईनं रेमोंचं रामण्णा केलं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरंसुद्धा त्याला रामण्णा म्हणायला लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सोप्यात सतरंजीवर सगळे बसले होते. रेमोंनं पिशवीतून एक मोठा फोटो काढला. घरची सगळ्यांत मौल्यवान वस्तू दाखवावी तसा दोन्ही हातांनी तो हंबीररावांपुढं धरला. फोटोत विटांच्या भिंतीजवळ तांब्याचं एक भलंमोठं भांडं होतं, लखलखीत घासलेलं, खाली लाकडं पेटलेली.

"आयला, गुळाची काहील!" हंबीरराव खूश झाले. "आपल्यागतच हाय की! ह्यात द्राक्षं उकळत्यात व्हय?"

झुंबरबाईनं चष्मा लावला आणि फोटो हातात घेतला. तिनं जाळ पाहिला, भांडं पाहिलं. भांड्याच्या डोक्यातून निघालेली नळी पाहिली. ती नळी वेटोळी घेत शेजारच्या थंड पाण्याच्या टाकीत गेली होती आणि खालून बारीक तोटीनं बाहेर आली होती. तोटीखाली बादली.

"ही काहील न्हवं," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि झुंबरबाईचा आवाज खाली आला की घरातल्यांना घाम फुटे. "ही भट्टी हाय. म्या आसल्या चाळीस फोडल्यात. मला शिकवू नगा."

ओदीलनं होणाऱ्या सुनेकडे पाहिलं. सुनेनं जमिनीकडे.

"प्रियू, काय करत्यात ही माणसं?"

"आई, द्राक्षाचंच करत्यात की."

"द्राक्षाचं काय करत्यात ते इचारतोय म्या."

मग सगळं बाहेर आलं. द्राक्षांची आधी वाइन करतात, ती भट्टीत गाळतात, ओकच्या लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. आर्मान्याक म्हणतात तिला. ब्रँडीच, पण घरोघरची. प्रत्येक कुटुंबाची चव निराळी. ज्यांच्याकडे स्वतःची भट्टी नाही त्यांच्या दारात चाकांवरची भट्टी येते, आपल्याकडे मळणीयंत्र येतं तशी. प्रियदर्शनी घाईघाईनं सांगत होती आणि आईचा चेहरा दगडासारखा होत चालला होता.

"म्हंजे माझी लेक दारू गाळणाऱ्याच्या घरात दिली म्या."

"आजून दिलेली न्हाय," हंबीरराव पुटपुटले.

"शबूद दिलाय न्हवं! पत्रिका वाटल्यात! आन् तुमी गावभर बेदाणा बेदाणा करत फिरलाय!"

बाजीला सगळं कळलं असावं. तो पुढं येऊन झुंबरबाईच्या पायाशी बसला आणि त्याच्या त्या वाकड्यातिकड्या मराठीत म्हणाला, "आई, चूक माझी. प्रियू भीत होती. मी म्हणालो, आल्यावर सांगू."

पोराच्या तोंडाकडे बघून तिला आणखी बोलवेना. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच जोरानं घासायला लागली.

एवढ्यावर भागलं असतं. पण रेमोंनं एक बाटलीही आणली होती. बाजी जन्मला त्या साली त्यानं एक पिंप बाजूला काढून ठेवलं होतं, आणि त्यातली ही बाटली खास ह्या लग्नासाठी भरली होती. बूच रेमोंनं आपल्या हातानं मारलेलं. त्यांच्या घरात पद्धत अशी होती की लग्न लागल्यावर नवराबायकोच्या चारी आईबापांनी एकाच लहान पेल्यातून घोट घोट घ्यायचा. त्याशिवाय सोयरीक पुरी झाली असं ते मानत नसत.

"माझ्या उंबऱ्याच्या आत बाटली उभी ऱ्हायची न्हाय," झुंबरबाईनं सांगून टाकलं. "पावण्यांची वस्तू हाय, फोडणार न्हाय. पर कोठीत आडवी पडंल, आन् जाताना संगं जाईल."

कोठीला कुलूप असे आणि किल्ली झुंबरबाईच्या कनवटीला. कारण हंबीररावांना साखर होती. गुऱ्हाळवाल्याला साखर! डॉक्टरांनी गूळ बंद केला होता आणि हंबीररावांनी डॉक्टरांकडे जाणं बंद केलं होतं. म्हणून गुळाच्या ढेपा कुलपात. झुंबरबाईनं बाटली फडक्यात गुंडाळली आणि ढेपांच्या वरच्या फळीवर आडवी ठेवली.

सकाळी पीठ काढायला कोठी उघडली तेव्हा रेमों मागोमाग आत आला आणि त्यानं बाटली उभी केली. मान हलवून, बोट वर करून काहीतरी तळमळीनं सांगितलं. झुंबरबाईनं ती पुन्हा आडवी केली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी रेमोंसोबत हंबीररावही आत शिरले, आणि तो बाटली उभी करत असताना ह्यांनी कोपऱ्यातल्या ढेपेचा खडा तोंडात टाकला. दोघंही एकदमच पकडले गेले.

"काय म्हनतोय ह्यो रामण्णा?" झुंबरबाईनं लेकीला विचारलं.

"आई, आडवी ठेवली तर आतली दारू बुचाला लागती. कडक आसती ती. बूच खाती."

"उभी करायला निमित्त लागतंयच पिणाऱ्यास्नी," असं म्हणून झुंबरबाईनं बाटली आडवी केली, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. त्या दिवसापासून तिनं पीठ-मीठ सगळं आधीच काढून ठेवलं आणि कोठी उघडलीच नाही.

रेमों मग गुऱ्हाळात रमला. पहाटे चरक सुरू झाला की तो हजर. काहिलीत रस चढवलेला, चुलवाणात चिपाडांचा जाळ भडकलेला, कृष्णात नावाचा गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं वरची मळी काढतोय, आणि रेमों चुलवाणाच्या तोंडाशी उकिडवा बसून जाळाकडे टक लावून बघतोय. एकदा त्यानं चिपाडं सारणाऱ्या गड्याला खुणेनं बाजूला सारलं आणि स्वतः बसला. कृष्णातनं शंकेनं हंबीररावांकडे पाहिलं. पण जाळ काही बिघडला नाही. कुठं भडकवायचा, कुठं बसवायचा, हे त्याला सांगावं लागलं नाही. काहील उतरवली तेव्हा कृष्णातनं गुळाचा रंग पाहिला आणि म्हणाला, "रामण्णा, राहा हितंच. हंगामाला या."

रेमोंला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं कृष्णातच्या पाठीत अशी थाप मारली की तो काहिलीत पडता पडता वाचला.

झुंबरबाई हे सगळं लांबून बघत होती. लग्नाला दोन दिवस होते. गुऱ्हाळाच्या अंगणात बाजेवर ती आणि ओदील शेंगा सोलत बसल्या होत्या, मध्ये प्रियदर्शनी. झुंबरबाईला अनेक दिवस जे विचारायचं होतं ते तिनं शेवटी विचारलं.

"इचार तुझ्या सासूला. नवरा पितोय का?"

ओदीलनं प्रश्न नीट ऐकून घेतला. ती बारीक, चटपटीत बाई होती. बोलताना हात थांबत नसत. "रात्री जेवल्यावर बोटभर," ती म्हणाली. "त्याहून जास्त मागितली तर मिळत नाही. तळघराच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. आणि भट्टी पेटलेली असते तोवर घरात कुणीच घेत नाही. पाहुणा आला तरी कॉफी मिळते."

"किल्ल्या हिच्याकडं?" झुंबरबाईचा हात आपोआप कनवटीला गेला.

ओदीलनं ते पाहिलं आणि हसली. "तुमच्या किल्लीचं मला प्रियूनं सांगितलंय. एक विचारू? नवऱ्याला गूळ चालत नाही, मग घरात गूळ करता कशाला?"

प्रियदर्शनीनं हे भाषांतर जरा भीतभीतच केलं. झुंबरबाईनं हातातली शेंग खाली ठेवली.

"गूळ खाऊन कुणी बायकूला मारीत न्हाय," ती म्हणाली. "गूळ खाऊन कुणाची जमीन जात न्हाय. सांग तिला."

ओदीलचे शेंगा सोलायचे हातही थांबले. मग म्हणाली, "खरं आहे. माझा धाकटा भाऊ तसाच गेला. आमच्याच तळघरात निजलेला सापडायचा. तेव्हा किल्ल्या बापाकडे होत्या, आणि बापाला पोराचा राग येण्याऐवजी लाज वाटायची. मी लग्न होऊन आले त्या दिवशी सासूला सांगितलं, किल्ल्या मला द्या नाहीतर मी परत जाते."

"काय वय हुतं भावाचं?"

"तेहतीस."

"माझा बत्तीस," झुंबरबाई म्हणाली.

प्रियदर्शनीला ह्याचं भाषांतर करायची गरज पडली नाही. आईनं आपल्या विहिणीचा हात धरला होता आणि दोघी विहिणी समोरच्या जाळाकडे बघत होत्या. काही वेळानं झुंबरबाई पदरानं डोळे पुसत उठली. "चल," ती लेकीला म्हणाली, "त्या रामण्णाची बाटली उभी करून येऊ. पुन्यांदा बोलायला नगं."

कोठीचं दार उघडलं आणि आतून एक वास आला. जायफळ म्हणावं तर जायफळ नव्हे, मनुका म्हणाव्या तर मनुका नव्हेत. जुन्या लाकडी पेटीत कुणीतरी पिकली फळं लपवून ठेवावीत तसा. झुंबरबाई दारातच थबकली. फळीवरचं फडकं ओलं झालं होतं. तिनं बाटली हातात घेतली तर हलकी लागली. बूच भुसभुशीत होऊन तोंडाशी लोंबत होतं. तळाशी चमचाभर उरलं असेल. बाकीचं सगळं खालच्या ढेपेनं पिऊन टाकलं होतं. पिवळीधमक ढेप वरून काळसर तांबडी पडली होती.

"आई गं," प्रियदर्शनी म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून खालीच बसली.

झुंबरबाईनं आयुष्यात कितीतरी दारू ओतली होती आणि दर वेळी तिला बरं वाटलं होतं. आज वाटलं नाही. पोरगं जन्मलं तेव्हा बापानं बाजूला काढून ठेवलेली वस्तू. बारशाचं आंगडं-टोपडं जपून ठेवतात तशी. तिनं लेकीलाही सांगायला पाठवलं नाही. स्वतःच रिकामी बाटली पदराखाली घेऊन गुऱ्हाळात गेली, चुलवाणापाशी बसलेल्या रेमोंसमोर उभी राहिली आणि बाटली त्याच्या हातात दिली.

"माझ्यामुळं झालं, दाजी. तुमी सांगत हुता, म्या आयकलं न्हाय." तिनं हात जोडले. आवाज पहिल्यांदाच पलीकडच्या मळ्यापर्यंत गेला नाही.

रेमोंनं बाटली उजेडात धरली. बुचाला बोट लावलं. त्याचं लाल नाक आणखी लाल झालं. हंबीरराव धावत आले, कृष्णात झारा घेऊन तसाच उभा. रेमों उठला आणि घराकडे चालायला लागला. त्याच्यामागं सगळी वरात. कोठीत जाऊन तो ढेपेपुढं गुडघे टेकून बसला. डोळे मिटून वास घेतला. मग नखानं एक कपचा काढून जिभेवर ठेवला.

बाजी काळजीनं पुढं झाला. तेवढ्यात रेमोंच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. झुंबरबाईला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता. पोट धरून हसत होता, आणि हसता हसता एकीकडे डोळेही पुसत होता. धापा टाकत त्यानं काहीतरी सांगितलं.

"काय म्हनतोय?" हंबीररावांना दम निघेना.

बाजीनंच सांगितलं. "बाबा म्हणतात, बाटली विहिणबाईंसाठीच आणली होती. त्यांनी त्यांच्या पद्धतीनं घेतली."

हंबीरराव हसले, कृष्णात हसला, तानूबाई कुंपणापलीकडून काही न कळताच हसली. झुंबरबाईला मात्र हसावं का रडावं कळेना. ओदील पुढं आली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली. ह्या लग्नासाठी पिंपातून चार बाटल्या भरल्या होत्या, तीन घरी तळघरात आहेत, आणि किल्ल्या माझ्याकडे आहेत, असा त्याचा अर्थ प्रियदर्शनीनं सांगितला. तेव्हा कुठं झुंबरबाईला श्वास आला.

लग्न गावातच, गुऱ्हाळाशेजारच्या मोकळ्या रानात लागलं. रेमोंनं फेटा बांधला होता आणि तो उतरवायला तो रात्रीपर्यंत तयार नव्हता. अक्षता पडल्या, माळा झाल्या, आणि मग रेमों गडबडीनं मंडपातून नाहीसा झाला. परत आला तो कृष्णातला बरोबर घेऊन. हातात चांदीचा लहानसा पेला होता. तो हुपरीहून आदल्या दिवशी ओदीलनंच आणला होता, सुनेला पैंजण घ्यायला गेली होती तेव्हा. पेल्यात गरम काकवी होती, सकाळी त्याच्याच जाळावर उकळलेली.

त्यानं पेला आधी झुंबरबाईपुढं धरला. मराठीत म्हणाला, आणि ते त्यानं बाजीकडून घोकून घेतलं होतं हे सगळ्यांना कळलं, "घ्या विहिणबाई. तुमच्या घरचं."

झुंबरबाईनं घोट घेतला. मग ओदीलनं, मग रेमोंनं. शेवटी पेला हंबीररावांकडे आला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"एकच," झुंबरबाई म्हणाली. "आन् उद्या डाक्टरकडं."

हंबीररावांचा घोट चांगला लांबलचक होता, पण त्या दिवशी ते चालून गेलं.

जायच्या आदल्या दुपारी रेमोंनं ती तांबूस ढेप मागितली. झुंबरबाईला ती घरात नकोच होती, पण मातीत टाकायलाही मन होत नव्हतं. तिनं ती स्वतः धुवट धोतरात बांधली, वर पोत्याचं कापड शिवलं. "तिकडं न्हिऊन काय करणार?" तिनं विचारलं.

"कॉफीबरोबर कपचा कपचा," रेमोंनं बाजीकरवी सांगितलं. "शेजारच्यांना देणार नाही."

ओदील अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होती. झुंबरबाई तिच्याजवळ गेली, दोघींनी मिळून नऊवारीची घडी घातली. ती घालताना झुंबरबाईनं लेकीला हाक मारली.

"इचार तिला, त्यांचा हंगाम कवा सुरू होतोय?"

"नोव्हेंबरात, आई. दिवाळी झाल्यावर."

"थंडी लय आसती?"

"आसती की. पर भट्टीपाशी ऊब आसती."

झुंबरबाईनं घडी छातीशी धरून विचार केला. "मग आमी येतोय म्हणून सांग. किल्ल्या कुठं ठेवती ते बघायचं हाय मला."

सोप्यात पान लावत बसलेले हंबीरराव दचकले. "आगं, पासपोर्ट न्हाय आपल्याकडं!"

"मग काढा की!" झुंबरबाई म्हणाली, आणि ह्या वेळी ते पलीकडच्या मळ्यात नीट ऐकू गेलं.